साडेसहा की तीनशे

व्हर्जिल हॉगनच्या खांद्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी त्याला बजावून सांगितलं होतं: ती तीनशे मॅग्नम बंदूक ठेव, नाहीतर हा खांदा. दोन्ही राहायचे नाहीत. व्हर्जिलने मान डोलावली आणि गाडीत बसल्यावर मुलीला सांगितलं, की डॉक्टर अजून पोरसवदा आहे, त्याला काय कळतंय.

खांद्याला मात्र कळत होतं. सप्टेंबरात त्याने तीनशेतून दोन बार काढले आणि संध्याकाळी त्याला कॉफीचा मग उचलवेना. नेमका त्याच वर्षी त्याला पठारावरच्या मोठ्या एल्क नराच्या शिकारीचा परवाना लागला. या परवान्याच्या सोडतीत तो केस काळे होते तेव्हापासून नाव घालत आला होता. एल्क म्हणजे काही साधंसुधं हरीण नव्हे. घोड्याच्या उंचीचं जनावर, आणि त्या उघड्या पठारावर ते माणसाला पाचसहाशे यार्डांच्या आत फिरकू देत नाही. तेव्हा बंदूक अशी हवी की लांब पोचेल, आणि खांदाही जागेवर ठेवेल.

लाइलच्या बंदुकांच्या दुकानात या विषयावर बारा महिने तेरा काळ वाद चालत. बायका बदलतील पण काडतूस बदलणार नाहीत अशी माणसं तिथे स्टोव्हभोवती बसलेली असायची.

"साडेसहा मिलिमीटरची घे," लाइल म्हणाला. "धक्का नाही, नेम सुटत नाही."

"उंदीर मारायला बरी आहे."

"तुझ्या पोरीने, मारितने, तसल्याच बंदुकीने दरसाल एल्क आणलाय."

"ती जवळ जाते. तिचे गुडघे शाबूत आहेत."

"मग साडेसहा आणि तीनशेच्या मधलं सात मिलिमीटर घे की," स्टोव्हजवळून कुणीतरी म्हणालं.

"मधलं घेतलं की दोन्हीकडच्या शिव्या खायच्या," व्हर्जिल म्हणाला. सगळे हसले. मग तो काउंटरवर वाकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "लाइल, मला एवढंच सांग. सहाशेवर जनावर जागच्या जागी पडेल?"

"गोळी जिथे लागायला हवी तिथे लागली, तर पडेल. चुकली तर तोफ आणलीस तरी पडायचं नाही."

व्हर्जिलला दुसरं काही नको होतं. जखमी जनावर मागे टाकून घरी जेवायला बसायचं नाही, हे त्याच्या बापाने त्याला शिकवलं होतं, आणि आजवर ती वेळ त्याच्यावर आली नव्हती. चर्चमध्ये तो कधीमधीच जायचा, पण हा नियम त्याने पाळला होता.

शेवटी त्याने साडेसहा घेतली, आणि पोरीच्या मापाचे बूट घ्यावे लागल्यासारखं तोंड करून घरी आणली. दुर्बीण मात्र नवी घ्यायला तो तयार होईना. जुन्या बंदुकीवरची दुर्बीण त्याचा जीव की प्राण. तिच्यावर एक चकती होती. अंतर मोजायचं, चकतीवरचा तेवढा आकडा समोर आणायचा आणि चाप ओढायचा, की गोळी बरोबर तिथे. ती दुर्बीण त्याने स्वतःच्या हाताने काढून नव्या बंदुकीवर चढवली. दोनशे यार्डांवर नेम बसवला. कागदावर तीन भोकं एका पैशाखाली झाकतील इतकी जवळ पडली.

"लांबवर मारून बघितलंस का, बाबा?" मारितने विचारलं.

"तू रांगत होतीस तेव्हापासून मी लांबवर मारतोय."

"ह्या बंदुकीने, म्हणतेय मी."

"मारित, कॉफी घे."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते असं. तिनेही पुढे विचारलं नाही. पुढे कितीदा तरी तिला वाटणार होतं, की तेव्हा विचारायला हवं होतं.

नोव्हेंबरात बर्फ पडलं आणि कळप पठारावर उतरला. दोघं दिवस उजाडायच्या आत वर चढले होते. दुपारी तो नर दिसला. माद्यांपासून जरा बाजूला, कूस यांच्याकडे करून उभा. वारा पडलेला. मारितने अंतर मोजलं. "सहाशे. थोडं जास्तच. आणखी जवळ जाऊ या का?"

"उघड्यावर कुठून जाणार जवळ?"

खरंच कुठून जाणार होते? व्हर्जिल बर्फात पालथा झाला, सहाचा आकडा समोर आणला, श्वास सोडला आणि चाप ओढला. धक्का इतका हलका बसला की त्याला मनातून बरं वाटलं. मारित हातातल्या दुर्बिणीतून बघत होती.

"खाली," ती म्हणाली. "बाबा, खाली लागली. पाय."

त्याने दुसरी गोळी भरली तोवर कळप उधळून नराच्या आडवा आला. सगळा गोतावळा उताराकडे पळाला आणि नर तीन पायांवर त्यांच्या मागे गेला.

त्यांनी रक्ताचा माग काढला. बर्फावर माग काढायला अक्कल लागत नाही. तो कुंपणापाशी गेला आणि कुंपणापलीकडेही गेला. खांबांची डोकी नारिंगी रंगवलेली होती. त्या मुलखात नारिंगी खांब म्हणजे खाजगी जमीन, विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. पलीकडची रँच, गुरांची मोठी वाडी, दुसऱ्या राज्यातल्या एका माणसाने घेतली होती आणि त्याला अजून कुणी पाहिलं नव्हतं.

नर कुंपणापासून दोनशे यार्डांवर झुडपांत बसला होता. मान ताठ. तो यांच्याकडेच बघत होता.

मारितने रँचच्या मॅनेजरला फोन लावला. ती बराच वेळ "हो", "कळलं", "पण" एवढंच बोलत राहिली.

"काय म्हणतो?"

"जनावर मेलं की खुशाल घेऊन जा म्हणतो. पण आत बंदूक नाही. मालकाचा हुकूम आहे."

"मेलं की? पण मारणार कोण त्याला?"

"मी हेच विचारलं, बाबा. त्याला राग आला."

व्हर्जिल खांबाला टेकून बसला. दोनशे यार्ड. इथून त्याची बंदूक एका बोटाचीही चूक करणार नव्हती. मुंगीला मारावं तितकं सोपं होतं. मारितने आता शिकारखात्याच्या वॉर्डनला फोन लावला. हॉलिस नावाचा हा वॉर्डन सगळ्या तालुक्याला एकटाच. तो म्हणाला, निघतो, मालकालाही फोन लावतो, पण कुंपणावरून बार काढलात तर मला तुमच्याच हातात बेड्या घालाव्या लागतील. तेवढं करू नका.

नर उठायला गेला. पुढचा पाय नको तिथून मुडपला आणि तो परत बसला. व्हर्जिलने बंदूक उचलली, निदान नीट बघावं म्हणून. बघता बघता बोटं सवयीने चकतीवर गेली. तिथेच थांबली.

"चकती," तो म्हणाला.

"काय?"

"चकती तीनशेची आहे, मारित. तीनशेच्या काडतुसावर आकडे कोरून घेतले होते मी. ही गोळी सावकाश जाते, लवकर खाली पडते. तिला सहाशेला हे आकडे कसे चालतील?" त्याने बंदूक खाली ठेवली. "शेंबड्या पोराला कळतं हे. मी स्वतः पोरांना शिकवलंय."

मारितला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण बाप इतका म्हातारा तिने कधी पाहिला नव्हता. ती त्याच्या शेजारी बर्फात बसली आणि तिने मॅनेजरला पुन्हा पुन्हा फोन लावला. कुणी उचलला नाही.

हॉलिस आला तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. त्याने नराकडे पाहिलं आणि तोंडातल्या तोंडात एक शिवी घातली.

"मालक?" मारितने विचारलं.

"विमानात आहे म्हणे. मॅनेजर त्याच्याशिवाय हलत नाही, आणि मॅनेजरच्या होकाराशिवाय मला वरून हुकूम मिळत नाही. विचारलंय मी." मग त्याची नजर बंदुकीवर गेली. "साडेसहा? तरी मी सगळ्यांना सांगतो. एल्कला कमी पडते ती."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही फुकटात मिळत होती. गप्प बसलं की काम झालं असतं. लाइलच्या स्टोव्हभोवती उद्या सगळ्यांनी साडेसहालाच शिव्या घातल्या असत्या.

"बंदुकीचं काही चुकलेलं नाही, हॉलिस," व्हर्जिल म्हणाला. "मी चुकलो. जुनी चकती ठेवली आणि लांबवर मारून बघितलं नाही."

तिघं कुंपणाला टेकून उभे राहिले. तिघांकडे बंदुका होत्या, तिघांचाही नेम चांगला होता, आणि तिघांना मिळून एक गोळी झाडता येत नव्हती.

मग नर उठला. या खेपेला तो उभा राहिला. तीन पायांवर, दर दोनचार पावलांनी थांबत, तो टेकाड चढायला लागला. वर पोचल्यावर त्याची शिंगं क्षणभर आभाळावर दिसली. मग तो पलीकडे उतरला, आणि टेकाडावर नुसतं बर्फ राहिलं.

"चल, बाबा," थोड्या वेळाने मारित म्हणाली. "अंधार पडेल."

व्हर्जिलने तारेवरचा हात काढला नाही.

"इतका वेळ निदान दिसत तरी होता," तो म्हणाला.