रोजची पट्टी

छत्तीस वर्षं मी इस्पितळात ड्रेसर होतो. जखमा धुवायच्या, मलम लावायचं, पट्टी बांधायची. माझ्या हाताला गुण आहे असं लोक म्हणायचे आणि मलाही ते पटायचं. शिकाऊ डॉक्टर माझं बघून बघून शिकले, मग मलाच शहाणपण सांगायला लागले.

बायको शिवणकाम करते. नऊ वर्षांची असताना तिचा डावा हात उकळत्या पाण्याने भाजला होता. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी चुरगळलेल्या मेणकापडासारखी. दीड वर्षापूर्वी तिथे वाटाण्याएवढी जखम झाली. "मशीनच्या कडेला घासतंय," मी निदान ठोकून दिलं. निवृत्त माणसाला घरबसल्या रुग्ण मिळाला.

रोज सकाळी चहाआधी पट्टी.

"दुखतं का?"

"नाही हो."

दुखत नाही म्हणजे भरतेय, असं मी धरून चाललो. भाजल्या कातडीला मुळात कळतंच किती, हे डोक्यात आलं नाही. जखम भरायची, पुन्हा फुटायची. कडा वर आल्या तेव्हा मी मलम बदललं. "डॉक्टरांना दाखवू या का?" तिने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी म्हणालो, "घरात मी असताना?"

वास यायला लागला तेव्हा मुलगी मला न विचारता तिला घेऊन गेली. जखमेचा काढलेला तुकडा तपासून आला त्या दिवशी मीही गेलो.

जुन्या भाजल्याच्या व्रणात कधी कधी कॅन्सर होतो, डॉक्टरबाई म्हणाल्या. हात कोपराच्या वरून काढावा लागेल. मला काहीच वाटलं नाही. टेबलावरच्या कापसाच्या डब्याचं झाकण नीट बसलेलं नव्हतं, तेवढं दिसलं.

"जखम किती दिवसांची?"

"दोनेक महिने," बायको म्हणाली. माझ्याकडे न बघता.

"दीड वर्ष," मी म्हणालो. "पट्टी मीच करत होतो."

डॉक्टरबाईंनी लिहिलेलं खोडलं. रागावल्या नाहीत. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी पट्टी बदलायची होती. नर्सबाई माझ्या ओळखीच्या. त्यांनी ट्रे पुढे केला. "तुम्हीच करता का? तुमच्यासारखी पट्टी आमच्या हातून होत नाही."

मी हात धुऊन आलो.

बायकोने उरलेला हात पट्टीवर आडवा धरला. "नको," ती नर्सबाईंना म्हणाली. आवाज नेहमीचाच होता. "यांना जरा बाहेर बसवा."