हा संगणक लक्षात ठेवू का?

हर्षलाने कीबोर्डवरची बोटं उचलली आणि शकूबाईंकडे पाहिलं.

"पाच का पन्नास, काकी?"

"थांब गं, परत इचारते." शकूबाईंनी बटणांचा मोबाईल दुसऱ्या कानाला लावला. तिकडे बंगळुरूहून मुलगा, स्वप्नील, त्याच्या मोबाईलवर आलेल्या कोडचे आकडे सांगत होता आणि बोलणं मधेच भातकापणीकडे वळलं होतं. तेवढ्यात कोडची मुदत संपली. हर्षलाने दुसरा मागवला. बाकावर ताटकळलेली माणसं चुळबुळू लागली.

शिळफाट्यावरच्या हर्षलाच्या ऑनलाइन सेवेच्या दुकानात हे दर आठवड्याला व्हायचं. स्वप्नील आपल्या मुलीचे फोटो एका खात्यावर टाकत असे, आईने दुकानात येऊन ते बघावेत म्हणून. पण खात्याला मोबाईल नंबर त्याचा. आणि हर्षला रोज दुकान बंद करताना ब्राउझरमधल्या कुकीज, पासवर्ड, सगळं पुसून टाकायची. काय करणार? पासवर्ड सेव्ह करू का असं ब्राउझरने विचारलं, की गिऱ्हाईक न वाचताच हो म्हणून निघून जाई आणि त्याचं खातं दुसऱ्याच्या पुढ्यात उघडं पडे. त्यामुळे शकूबाई आल्या, की कॉम्प्युटर त्यांना जन्मात न पाहिल्यासारखं करून कोड मागे.

त्या दिवशी मात्र हर्षलाच्या डोक्यावरून पाणी गेलं. तिने शकूबाईंच्या नावाचं वेगळं प्रोफाइल काढलं, पासवर्ड साठवला आणि 'हा संगणक लक्षात ठेवा' या चौकोनात खूण केली. संध्याकाळी पुसापुशी करताना तेवढं वगळलं.

पुढच्या खेपेला खातं झटक्यात उघडलं. पहिल्याच फोटोत स्वप्नीलची छोटी ऋतिका आईच्या चपला घालून दारात उभी होती. शकूबाई फोटो बघत होत्या, मोबाईल हातात तसाच धरून.

"त्याला लावायचा नाय?"

"आता गरज नाही. कटकट गेली एकदाची."

शकूबाई लवकर उठल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात तर फोटो अर्धेच बघून गेल्या.

मग एकदा त्या आल्या त्या खुर्चीत बसल्याच नाहीत. हर्षलाजवळ वाकून हळूच म्हणाल्या, ते पुसून टाक, आधीसारखं कर. हर्षलाला हसावं का रडावं कळेना. एवढा खटाटोप करून पुन्हा तेच? परत कोड मागेल, परत फोन करावा लागेल, बाकावरची माणसं परत माझ्यावर डाफरतील, असं तिने बजावलं.

"मागू दे." शकूबाईंनी पदर सारखा केला. "एरवी तो फोन उचलत नाय गं. कामात असतो. कोड गेला की मात्र लगेच उचलतो."

हर्षलाने प्रोफाइल काढून टाकलं, कुकीज पुसल्या, खातं नव्याने उघडलं. पडद्यावर कोडचा रिकामा चौकोन आला. बाकावरून कुणीतरी मोठा सुस्कारा सोडला.

स्वप्नीलने पहिल्या रिंगला फोन उचलला. शकूबाईंनी ऐकून एकेक आकडा सांगितला, अगदी स्पष्ट, एकही न चुकता.

हर्षलाने चौकोन रिकामाच ठेवला.

"चुकीचा दाखवतंय, काकी," ती म्हणाली. "परत विचारा."