चार नंबरचा आवाज

"बंद कर! बंद कर म्हनलं ना बे!"

पुंजाजींनी पेचकसासकट हात वर केला, तेव्हा कुठे केबिनमधल्या मदनसिंग ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

धम्मदीपा जेवणाचा डबा मांडीवर घेऊन गॅरेजातल्या जुन्या टायरवर बसली होती. वाशीमच्या कॉलेजात ती ग्रंथपाल. रविवारी मालेगावला घरी यायची. माय अनसिंगला मावशीकडे गेली, म्हणून आज बाबांचा डबा तिच्याकडे आला होता.

"बाबा, भाकर गार झाली."

"भाकर गार बी खाता येते. हे इंजिन गरम हाय तवरच ऐका लागते."

आठ दिवसांपूर्वी त्यांनीच हे इंजिन पुन्हा बांधलं होतं. सकाळी थंड असताना मांजरासारखं घुरघुरायचं. तापलं, की आतून ठोके. पुंजाजींनी इंजिन पुन्हा चालू करायला लावलं. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवलं, लाकडी मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटले. मग डिझेलच्या बारीक नळ्या एकेक करून ढिल्या करू लागले. नळी ढिली झाली की त्या सिलिंडरला डिझेल मिळत नाही, त्याचा जोर जातो. ज्याची नळी सोडल्यावर ठोका दबेल, चोर तोच. एक, दोन, तीन; काही फरक नाही. चौथी सोडली आणि त्यांनी डोळे उघडले.

"दीपे, इकडं ये. ऐक."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"एवढी पुस्तकं वाचते. कान बी असतीनच."

तिनं मुठीला कान लावला. आधी नुसता कल्लोळ. मग त्याच्या तळाशी एक जड ठोका, बंद दारावर आतून कुणी मूठ मारावी तसा. बाबांनी नळी सोडली, ठोका दबला. आवळली, परत आला. तिनं वर पाहिलं. बासष्ट वर्षांचा माणूस शाळेतल्या पोरासारखा हसत होता.

"सापडला का?"

"सापडला," ती म्हणाली. "पण आहे काय ते?"

"पिस्टनच्या रॉडचा बोल्ट. म्या म्हनलं होतं, बोल्ट नवे आना. बाबूसिंग म्हने, जुनेच लाव, घाई हाय. म्या बी ऐकलं. ते चुकलं माह्यं." त्यांचं हसू ओसरलं. "ताणलेला बोल्ट तुटला, त रॉड इंजिन फोडून भाईर येते."

तेवढ्यात गाडीचा मालक बाबूसिंग मोटरसायकलवर आला. ट्रकमध्ये सोयाबीन भरलेलं होतं, संध्याकाळपर्यंत अकोला गाठायचं होतं.

"काय मिस्तरी, आटपलं का नाई? का इंजिनाशी सोयरीक जोडून राह्यला?"

"भाऊ, आज गाडी नका नेऊ. चार नंबर ठोकून राह्यला. खालून खोलतो, बोल्ट बदलतो. परवा घेऊन जा."

"नवं बांधलेलं इंजिन वाजतेच. दोनशे किलोमीटर चाललं की बसते."

"हा बसनारा आवाज नाई. तुमी सोता ऐका."

"मले कायले ऐकवतं? तुह्या कानात आता सगळंच वाजत असन. वय झालं तुह्यं."

चहाच्या टपरीवरचे चार-पाच जण हसले. बाबूसिंग बाबांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. तो 'तू' म्हणायचा, बाबा 'तुमी' म्हणायचे. धम्मदीपा लहानपणापासून हे ऐकत आली होती आणि गिळत आली होती.

पण आज बाबांनी गिळलं नाही. "इंजिन खोटं बोलत नाई, बाबूसिंग भाऊ! मालक बोलते! गाडी रस्त्यात मरन, सांगून ठेवतो!"

टपरीवरचे उठून जवळ आले. बाबांच्या मानेची शीर फुगली होती. धम्मदीपाला लाज वाटली. कॉलेजातलं कोणी पाहिलं तर, असंही क्षणभर मनात आलं. तिनं त्यांचं कोपर धरलं आणि हळू, स्वच्छ मराठीत म्हणाली, "जाऊ द्या ना, बाबा. त्यांची गाडी आहे."

पुंजाजींनी तिच्याकडे पाहिलं. मग गप्प झाले, अगदी एकदम. फडक्याला हात पुसले आणि केबिनचं दार उघडून वर चढू लागले.

"तुम्ही कुठं निघालात?"

"चढावर आवाज वाढला, की थांबवतो. मदनसिंगले नाई समजत."

"जेवून तरी घ्या."

"आल्यावर."

मेडशीच्या पुढं, चढाच्या अर्ध्यात, इंजिन फुटलं. भरलेली गाडी चढावर थांबली, की ड्रायव्हरशेजारच्यानं उडी मारून मागच्या चाकाला दगड लावायचा, ही या धंद्यातली रीत. पुंजाजींनी लावला. गाडी मागं सरकली, दगड फुटला. दुसरा लावायला ते पुन्हा वाकले.

आठव्या दिवशी विहारात पुंजाजींच्या पुण्यानुमोदनाला, त्यांना श्रद्धांजली वाहायला, माणसं जमली. या आठ दिवसांत बाबूसिंगनं गावभर सांगितलं होतं, की आवाज मिस्तरीनं सांगितलाच नाही, सांगितला असता तर गाडी नेलीच नसती. मदनसिंग खाली पाहून बसायचा. टपरीवरचे चार-पाच जण, ज्यांनी सगळं ऐकलं होतं, ते घरी येऊन चहा पिऊन गेले आणि "होनारं होते" म्हणाले. काका संघपाल तिला आत घेऊन म्हणाले, "दीपे, आता उकरून काय होते? मानूस वापस येते का?" आणि तिच्या मायनं, वच्छलानं, कुणी काही बोललं तरी फक्त मान हलवली.

धम्मदीपाला रात्रंदिवस काहीतरी फोडावंसं वाटत होतं. ती भांडी घासत होती, आल्यागेल्याला पाणी देत होती.

वंदना झाली. दोघं-तिघं बोलले. मग बाबूसिंग उठला, पांढरा शर्ट, हात जोडलेले.

"मिस्तरी मानूस लाखाचा. पन खरं ते सांगा लागते. वय झालं होतं. इंजिन बांधताना हात चुकला त्याचा. त्याची शिक्षा त्यालेच—"

"खाली बसा."

धम्मदीपा उभी होती. संघपाल काकांनी तिला बसवायला हात धरला. तिनं तो झटकला.

"ताई, दुःखात मानूस कायबी—" बाबूसिंग म्हणू लागला.

"बाबूसिंग भाऊ, बसा म्हनलं ना!"

कॉलेजातली भाषा कुठं गेली, तिलाही कळलं नाही.

"बोल्ट जुने लावाले कोनं लावले? चुकलं माह्या बापाचं, तुमचं ऐकलं हे चुकलं त्याचं, अन् त्यानं ते कबूल केलं, माह्यासमोर. तुमी काय कबूल केलं? इंजिन पडलं हाय ना पोलीस ठान्यात? खोला. ह्या सगळ्याईसमोर खोला अन् चार नंबर पाहा. मदनसिंग, वर पाह्य! टपरीवाले बी बसले हायेत इथं. तुमी हसले होते ना?"

बाबूसिंग बसला होता. वच्छलानं प्रथमच मान वर करून लेकीकडे पाहिलं, आणि त्या नजरेसमोर धम्मदीपाचा आवाज खाली आला. पण ती थांबली नाही.

"आन् माय, तुले सांगतलं नाई म्या. बाबा भांडत होते. गाडी जाऊ देनार नव्हते ते. तो ठोका म्या माह्या कानानं ऐकला होता. मले मालूम होतं बाबाचं खरं हाय. अन् चार लोकाईत मले लाज वाटली, म्हून म्या त्याईले म्हनलं, जाऊ द्या. मीच चूप केलं त्याईले, माय. मीच केलं."