ठरावाला सूचक

माझ्या पेल्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. व्यास साधारण तीन मिलिमीटर. घासताना झिजू नये म्हणून काठापासून बराच आत. लावणारीने विचार केला होता. आमच्या नर्सिंग स्कूलमध्ये एवढा विचार करून केलेली ती एकच गोष्ट.

स्कूल आणि त्याला लागून असलेलं तीस खाटांचं रुग्णालय गेवराईजवळच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या ट्रस्टचं होतं. दुष्काळामुळे त्या वर्षी ऊस नव्हता, कारखाना बंद होता. नऊ संचालकांच्या सभा मात्र वेळेवर होत. सभेपुढे काही उरलं नव्हतं, त्यात त्यांना माझा विषय सापडला.

तिसऱ्या वर्षाच्या रक्ततपासणीत मला हिपॅटायटिस बी निघाला. जन्मताना आईकडून आलेला, बहुधा जन्मभर राहणारा. बीडच्या डॉक्टरांनी लिहून दिलं, की ही हातमोजे घालून, नेहमीची काळजी घेऊन काम करू शकते. पाणी, जेवण, स्पर्श यांतून हा आजार पसरत नाही. इतरांनी लस घ्यावी. स्कूलने पत्र फाइलला लावलं आणि मला वॉर्डातून काढून चादरींच्या घड्या घालायला बसवलं. वॉर्डातले तास पुरे झाल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म भरता येत नाही. माझे एकशे वीस तास राहिले होते.

"माझ्या हातात काय आहे, महानंदा?" प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या. "मंडळाचा ठराव लागेल."

मंडळात कुणाचाच विरोध नव्हता. पण ठरावाला एक सूचक लागतो, एक अनुमोदक लागतो, आणि दोन्ही नावं इतिवृत्तात कायमची राहतात. अनुमोदक व्हायला आठ जण तयार होते. सूचक व्हायला कुणी नाही. चेअरमन राधाकिशन आप्पा म्हणाले, "पोरगी हुशार हाय. पर अध्यक्षानं सूचक व्हायचा प्रघात न्हाई." सात महिने विषय पुढच्या सभेत जात राहिला.

खबरदारीला मात्र ठराव लागला नाही. मला माठाजवळ जायची बंदी झाली, आणि माझा पेला वेगळा ओळखू यावा म्हणून त्याला तो ठिपका लागला. भांड्यांचं दुकान असलेले संचालक वैजिनाथअण्णा यांनी स्वतः वेगळी घागर आणून दिली.

पाणी टँकरचं होतं. टाकीत जंतुनाशक पावडर टाकल्याची सही नोंदवहीत रोज होत होती. पावडर संपून महिना झाला होता. घागर माझी एकटीची म्हणून मी पाणी उकळू लागले.

"कावून उकळतीस गं?" वॉर्डातल्या जुन्या आया छबुमावशी म्हणाल्या. "तुला तर आधीच झालंय."

"म्हणूनच, मावशी. लिव्हर एकच असतं."

मावशींनी थोडा विचार केला आणि त्याही माझ्याच घागरीचं पिऊ लागल्या.

मे महिन्यात कावीळ आली. आधी वसतिगृहात, मग मंडळात. सभेचं लिंबूसरबत त्याच टाकीच्या पाण्याचं असे. पहिले दोन दिवस सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तिसऱ्या दिवशी बीडहून अहवाल आला: पाण्यातून पसरणारी कावीळ, विषाणू वेगळा. मॅडमनी अहवाल फाइलला लावला, आणि संध्याकाळी त्याही आडव्या झाल्या.

पुरुष वॉर्डात पाच संचालक होते. आप्पांना सारख्या उलट्या होत होत्या. डॉक्टर संध्याकाळी येणार होते. पहिल्या वर्षाच्या मुलीने चार वेळा सुई टोचली, शीर सापडली नाही. मावशी मला बोलवायला आल्या. मी मीठ-साखरेचं पाणी करून त्यांच्या हाती दिलं आणि दारात उभी राहिले.

आप्पा पिऊ लागले. पेला वर झाला तसं शेजारच्या खाटेवरचे वैजिनाथअण्णा ओरडले, "आप्पा! ठिपका!"

"गप बे," आप्पा म्हणाले, आणि उरलेलं प्यायले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आत ये की."

"येता येत नाही, आप्पा. ठराव नाही."

"मरायलोय मी!"

"मरत नाही तुम्ही. अंगातलं पाणी कमी झालंय. पण मी बिनठरावाची सुई लावली तर उद्या माझं नाव कटेल. फॉर्मला वीस दिवस राहिलेत."

वैजिनाथअण्णा कोपरावर उठले. "पाच जण हाओत, आप्पा. गणपूर्ती व्हती."

लिहायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मावशींनी पावडरची नोंदवही आणली आणि त्या मुलीच्या हातात दिली. तिने मागचं कोरं पान काढलं.

"अनुमोदक?" तिने विचारलं.

तीन हात लगेच वर झाले. चौथ्याच्या हाताला सलाईन होतं, त्याने बोट वर केलं.

"सूचक?"

चौघेही पंख्याकडे बघू लागले. लोडशेडिंग होतं, पंखा बंद होता.

आप्पांनी रिकामा पेला उलटा करून बुडाचा ठिपका बघितला. अंगठ्याने घासून बघितला. निघाला नाही.

"लिही," ते म्हणाले. "महानंदाला आजपासून वॉर्डात घ्यावं. सूचक, मी."