वेशीपर्यंत जाऊन परत

माझं लग्न अडलं होतं, आणि ते साक्षात प्रभू येशूनं अडवलंय असं माझ्या आईचं म्हणणं होतं. आता प्रभूशी भांडायचं कसं? म्हणून मी आईशी भांडत होते.

ही गोष्ट एकोणीसशे सव्वीस सालची. सोलापुरात ख्रिस्ती लोकांच्या वस्तीत आमची एक खोली होती. आई, बजाबाई, गिरणीत रिळावर कामाला जायची. वडील मला आठवतही नाहीत. धाकटा भाऊ येडू मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला, तेव्हा तो सहा वर्षांचा होता. राहिलो आम्ही दोघी. मग होटगीच्या श्रीमंतचं स्थळ सांगून आलं. तो रेल्वेत पॉइंटमन, रुळांचे सांधे बदलणारा. पसंती झाली, ईस्टर झाला की लग्न असं ठरलं, आणि नेमका तेव्हाच तो उपदेशक आला.

उपदेशक मद्रासकडचा. तो तेलुगूत बोलायचा आणि वस्तीतला एक विणकर ते मराठीत सांगायचा. तीन संध्याकाळ मांडव भरला होता. येत्या ईस्टरच्या आत प्रभू येणार, विश्वासणारे ढगांत उचलले जाणार, आधी मेलेले त्यांना तिथं भेटणार आणि मागे राहिलेल्यांसकट ही पृथ्वी जळून जाणार, असं त्यानं सांगितलं. आईनं यातलं एकच ऐकलं. मेलेले भेटणार.

दुसऱ्या दिवशी तिनं गिरणी सोडली. होटगीला निरोप धाडला की आता लग्नाची गरज उरली नाही. श्रीमंतच्या घरच्यांनी उलट निरोप पाठवला, ईस्टरपर्यंत थांबतो, मग दुसरी मुलगी बघतो. मला वाटलं, बरोबर आहे त्यांचं. मी त्यांच्या जागी असते तर इतकंही थांबले नसते.

एका सकाळी आम्ही जात्यावर बसलो होतो. जात्यावर दोघी दळत असतील तर त्यातली एक घेतली जाईल आणि एक राहील, हेही उपदेशकानं सांगितलं होतं. मी मुद्दाम विचारलं, "आई, आपल्यातली कुठली जाणार?"

तिनं खुंटा सोडला नाही. "तुजं मन लग्नात गुतलंय की," ती म्हणाली.

म्हणजे मी राहणार होते, जळायला. आणि हे तिनं भाकरीत मीठ कमी पडलंय म्हणावं इतक्या शांतपणे सांगितलं. मी पिठाचे हात तसेच घेऊन उठले आणि तडक पाळकांच्या दारात गेले.

आमचे पाळक महिपतीबाबा म्हणजे मुलखाचे संथ. नगरला धर्मशिक्षण घेताना दोन वर्षं ग्रीक शिकले होते. त्यांच्याकडे एक जाडजूड ग्रीक कोश होता, त्याची मागची पानं वाळवीनं खाल्लेली. पाळकांपेक्षा वाळवीला ग्रीक जास्त येतं, अशी वस्तीत चेष्टा चालायची. मी रडतओरडत सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बघतो." एवढंच. मला त्यांचाही राग आला.

तिसऱ्या दिवशी कोश काखेत मारून ते आमच्याकडे आले. घोंगडीवर बसले, गुळाचा चहा सावकाश प्याले.

"बजाबाई, ढगांत प्रभूला सामोरं जायचं असं लिहिलंय ना, तिथं मूळ ग्रीकमध्ये 'अपान्तेसिस' असा शब्द आहे. पहिल्याच अक्षराचा, म्हणून वाळवीच्या तावडीतून सुटला. हाच शब्द आणखी कुठं येतो ते मी शोधलं. दिवे घेतलेल्या दहा कुमारी वराला सामोऱ्या जातात, तिथं येतो. पौलाला कैदी करून रोमला नेत होते आणि रोमचे बंधू लांबवर चालत त्याला सामोरे आले, तिथंही येतो."

"मग पुढं?" आईनं विचारलं.

"तुम्हीच सांगा. भेटल्यावर ते बंधू कुठं गेले असतील?"

आई अक्षरशत्रू होती, पण तिला विचार करावा लागला नाही. "कुटं म्हंजे? त्येला घिऊन रोमला. व्हराड आलं की आमी वेशीवर जातो, पायावर पानी घालतो नि नवऱ्याला घिऊन घरी येतो. वेशीवरनं कुनी नवऱ्याच्या गावाला पळून जातंय व्हय?"

"मी तेच वाचलं," पाळक म्हणाले.

आई पुढं सरकली. "म्हंजे त्यो हितं येनार?"

"माझ्या वाचण्याप्रमाणं, हो. माझ्यापेक्षा शहाणी माणसं वेगळंही वाचतात, तेही तुम्हाला सांगून ठेवतो. पण दिवस कुणालाच ठाऊक नाही, हे साध्या मराठीत लिहिलंय. त्याला ग्रीक लागत नाही."

"आनि माजा येडू?"

"प्रभूबरोबर येईल."

"ह्या घरात?"

"घराचं मला सांगता यायचं नाही, बाई. पण इकडं."

पाळक गेले. आई चहाची भांडी विसळायला बसली. "विजे," ती म्हणाली, "मी तुला टाकून निगाले व्हते गं."

"व्हय, निघाली होतीस," मी म्हणाले. मी तिची समजूत घातली नाही. दोघीही रडलो, पण वेगवेगळ्या भिंतींकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशी ती गिरणीत गेली आणि मुकादमाच्या हातापाया पडून पुन्हा रिळावर बसली. होटगीलाही नवा निरोप गेला. ईस्टर आला, उपासना झाली, लोक जेवले आणि पृथ्वी जागच्या जागी राहिली. उपदेशकाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

पंधरा दिवसांनी वऱ्हाड आलं. विधवेनं पुढं होऊ नये, असं सोनाबाई मावशीनं आईला बजावलं. ख्रिस्ती झालो तरी अशा गोष्टी आमच्यातून गेल्या नव्हत्या. आईनं तिच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि सगळ्यांच्या पुढं चालत वेशीवर गेली. श्रीमंतच्या पायांवर पाणी तिनंच घातलं.

मला निरोप द्यायलाही ती वेशीपर्यंत आली. माझा राग पुरता गेला नव्हता. गाडीत बसता बसता मी म्हणाले, "आता बस इथं येडूची वाट बघत."

"येडूला आनायला परभू हाय," ती म्हणाली. "तुला म्हायेरी आनायला कोन हाय? भाऊ असता तर मुराळी म्हनून आला असता. आता नाताळाला मीच येते होटगीला, मुराळी हून. तयार ऱ्हा."

बाईमाणूस कधी मुराळी होतं का? श्रीमंत हसला, गाडीवानही हसला. मला काही हसू आलं नाही. मी खाली उतरले आणि आईला घट्ट मिठी मारली.