दोन भावांची ब्रँडी

मित्रांनो, तुम्ही मला चाखायचं नाही. पण माझी गोष्ट ऐकायला वयाची अट नाही. मी फ्रान्समधल्या एका लहानशा द्राक्षमळ्याची जुनी ब्रँडी आहे.

तांब्याच्या भट्टीतून बाहेर आले तेव्हा मी पाण्यासारखी नितळ होते, पण घसा जाळणारी. मळ्याच्या मालकांनी मला ओकच्या पिंपात भरलं. तळघरातल्या थंड अंधारात लाकडानं मला रंग दिला, सुगंध दिला, शहाणपण दिलं. मालकांची दोन मुलं, एतिएन आणि ल्यूक, त्या पिंपावर घोडा-घोडा खेळत. मळा थोरल्यानं सांभाळायचा, असं ठरलेलं होतं. पण एतिएन न्यूझीलंडच्या एका मुलीशी लग्न करून निघून गेला. शहरात शिकायला निघालेला ल्यूक मळ्यात अडकला. भावाभावांचं बोलणं तुटलं.

वडील गेल्यावर ल्यूकनं मला बाटल्यांत भरलं. बऱ्याच वर्षांनी त्याची मुलगी मला घेऊन न्यूझीलंडमधल्या लोअर हट गावी एतिएनकडे आली. म्हणाली, "काका, बाबांनी सांगितलंय, ते आले की ही दोघांनी मिळून उघडायची."

एतिएन आजोबांनी मला कपाटात अगदी दर्शनी जागी ठेवलं. पाहुण्यांनी माझं कौतुक करावं आणि आजोबांनी म्हणावं, "अजून थोडी मुरू दे." मित्रांनो, त्यांनाही ठाऊक होतं, आम्ही मुरतो ते लाकडात. काचेत नुसती वाट बघतो. आजी गेल्या, पाहुणे यायचे थांबले, माझ्यावर धूळ बसली.

शेजारी सुरेखा राहायची. ती मूळची नागपूरची, हॉस्पिटलात नर्स. पंचशील पाळणारं घर, दारूचा थेंब कधी आत आला नव्हता. ड्युटीवर जाण्याआधी ती आजोबांचं ब्लडप्रेशर बघायला येई. एका सकाळी आजोबा फोन हातात धरून बसले होते. ल्यूक अंथरुणाला खिळला होता. त्याला आता प्रवास जमणार नव्हता.

"मग तुम्ही बोला ना त्यांच्याशी," सुरेखा म्हणाली.

"बरा होऊ दे. काही निमित्त निघालं की बोलेन."

"मी वॉर्डात रोज बघते, आजोबा. निमित्ताची वाट बघणारे नातेवाईक दारात पोचतात, तोवर बेड रिकामा झालेला असतो."

आजोबांनी फोन बाजूला ठेवला. मग त्यांनी बोटानं माझ्याकडे खूण केली.

सुरेखाच्या मुलीनं, सिद्धीनं, व्हिडिओ कॉल जोडला. इथे थंडीतली सकाळ, तिथे उन्हाळ्याची लांबलेली संध्याकाळ. सुरेखानं आयुष्यात पहिल्यांदा दारू ओतली, तीही खोकल्याच्या औषधासारखी मोजून. सिद्धी वास घेऊन मागे सरली. "मम्मी, इट्स हीप्स स्ट्राँग. खूपच उग्र आहे."

तिकडे ल्यूकच्या हातात त्याच पिंपातला घोट होता. दोघांनीही एकेक घोट घेतला. मग ल्यूक म्हणाला, "तू लावलेल्या वेली मी रागानं उपटणार होतो. नाही उपटल्या."

एतिएन आजोबांनी पेला खाली ठेवला आणि रुमाल शोधू लागले. सुरेखा सिद्धीला घेऊन हळूच बाहेर गेली.

पुढच्याच महिन्यात आजोबा फ्रान्सला निघाले. सुरेखानं गोळ्यांचा डबा भरून दिला. तिचा नवरा रविंद्र त्यांना विमानतळावर सोडणार होता. बॅग उचलताना त्यानं विचारलं, "बाटली घेतली का?"

"तिचं आता तिथे काय काम?" आजोबा हसून म्हणाले.

त्या बोलण्याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही. मी जवळजवळ भरलेली, बूच घट्ट लावलेली, इथे खिडकीपाशी आहे. काल सिद्धी झाडांना पाणी घालायला आली होती. तिच्या फोनवर एक फोटो होता. त्यात वेलींखाली दोन म्हातारे एकाच बाकावर बसले होते.

मित्रांनो, मला जपलंत तर मी अजून पुष्कळ वर्षं थांबेन. पण तुमचं ज्यांच्याशी बोलायचं राहून गेलंय, त्यांना तेवढं थांबता येणार नाही. त्यांच्याकडे आजच जा.