हळवं करणारं औषध

गाठीला हळवं करणारं औषध, असं आमच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. आधी हे सलाइनमधून द्यायचं, मग किरण. म्हणजे किरणांचा मार गाठीला जास्त लागतो. विल्मारने त्यातला 'हळवं' हा शब्द तेवढा उचलला. चाळीस वर्षं मेंढ्यांची लोकर कातरलेला हा पायसांदू गावचा गडी. बाप गेला तेव्हाही डोळ्यांत टिपूस नव्हतं, हे स्वतःच कौतुकाने सांगायचा. आता घशातल्या गाठीपायी हळवं व्हायचं?

"गाठ हळवी होते, तुम्ही नाही," मी म्हटलं.

"गाठ कुणाची, पोरी? माझीच ना?"

वीस वर्षं मी या वॉर्डात नर्स आहे, पण या वकिलीपुढे हात टेकले. शेवटी त्याची बायको निबिया हिने दम भरला, तेव्हा दर सोमवारी स्वारी तोंड फिरवून हात पुढे करू लागली. डॉक्टरीणबाई आल्या की कानात रेडिओ.

पाचव्या आठवड्यातल्या मंगळवारी तो किरणांना आला तो तणतणतच. म्हणे, औषध बंद.

खोदून विचारल्यावर खालच्या आवाजात बोलला. घसा सोलवटल्यामुळे कढत माते, म्हणजे नळीने ओढायचा तो कडू पाल्याचा चहा, बंद होतं. निबियाने आपणही सोडल्याचं सांगितलं होतं. काल संध्याकाळी याने न्हाणीघराचं दार ढकललं, तर बाईसाहेब कमोडच्या झाकणावर बसून, थर्मास काखेत मारून, एकट्याच चोरून माते ओढत होत्या. याच्यासमोर प्यायलं तर याचा जीव तळमळेल म्हणून.

"आणि मी रडलो. ढसाढसा. तुमच्या औषधाने घात केला माझा."

मला हसू आवरेना. पण गाठ अजून पुरती गेली नव्हती, आणि हा हट्टाला पेटला तर ती जाणारही नव्हती. म्हणून खरं ते सांगून टाकलं.

"काल औषध दिलंच नाही. तुमचा मूत्रपिंडाचा रिपोर्ट बिघडला होता. बाई सांगत होत्या, तुम्ही रेडिओ ऐकत होतात. गेलं ते नुसतं मिठाचं पाणी."

तो खुर्चीच्या कडेला टेकला.

"थेंबभरही नाही?"

"थेंबभरही नाही."

पुढच्या सोमवारी रिपोर्ट बरा आला. त्याने आपणच बाही वर सारली. मी शीर शोधत असताना हळूच म्हणाला, "निबियाला मात्र बोलू नकोस. तिला मी औषधाचंच नाव सांगितलंय."

मी कशाला बोलते? औषध न दिलेल्या त्या सोमवारी बाई सगळं समजावत होत्या, तेव्हा निबियाच तर त्याच्या शेजारी बसून मान डोलवत होती.